मोठ्या इंजिनच्या ऑटोमॅटिक गाडीचं गिअर ऑइल घरी कसं बदलायचं, अन् ते पहाटेच काऊन

आधीच सांगून देतो, हे मॅन्युअल गिअरवाल्या गाडीचं नाही अन् एएमटीचंही नाही, एएमटी म्हणजे मॅन्युअलच गिअरबॉक्स असतो, फक्त क्लच दाबणं अन् गिअर टाकणं आपल्याऐवजी मशीन करते. हे आहे टॉर्क कन्व्हर्टरवाल्या खऱ्या ऑटोमॅटिकचं, अन् त्यातही अशा गाड्यांचं जिथं इंजिन मोठं आहे, बोनेटखाली आडवं बसवलंय अन् ताकद पुढच्या चाकांना जाते. माझ्याकडे अशी एक गाडी आहे, २.२ लिटर डिझेल, सेकंड हँड नागपूरवरून आणलेली. आमचं गाव दारव्ह्याच्या पुढं, गावात ट्रॅक्टर उघडून परत बांधणारे चार जण सापडतील पण ऑटोमॅटिकचं नाव काढलं की सगळे हात वर करतात.

गाडी घेतली तेव्हा सगळं बरं होतं, मग सहा-सात महिन्यांनी सकाळी पहिल्यांदा डी (ड्राइव्ह, पुढं जायचा) टाकला की एक-दीड सेकंद काहीच होत नसे अन् मग धप्प करून झटका. सिग्नलला (म्हणजे आमच्याकडे रेल्वे फाटक नाहीतर म्हशी) गाडी थांबवत आणली की तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येताना मागून कोणी ढकलल्यासारखं व्हायचं. एका मोठ्या गॅरेजवाल्याने पाच मिनिटं चालवून सांगितलं की बॉक्स खोलावा लागतो, अन् खर्च जो सांगितला त्यात एक बरी बैलजोडी आली असती. दुसरा एक मेकॅनिक म्हणे, "भाऊ, याच्यात ९० नंबर टाकून देऊ, ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकले चालते तर याले काऊन नाही चालणार." त्याला हात जोडून परत आलो. ९० नंबर गिअर ऑइल ऑटोमॅटिकमध्ये टाकणं म्हणजे बॉक्सचं तेरावं करणं, का ते पुढं येतेच.

शेवटी निघालं काय, तर ऑइल. आधीच्या मालकाने एकदाही बदललं नव्हतं. बॉक्सचा काहीच दोष नव्हता, दोष जुन्या ऑइलचा अन् आपल्या उन्हाचा.

आता बॉक्स कोणता ते थोडं. मोठ्या इंजिनच्या फ्रंट व्हील गाड्यांसाठी जपानच्या आयसिन एडब्ल्यूने एक ६ स्पीड बॉक्स काढला, टीएफ-८०एससी, पुढची मापं अन् प्लग याच बॉक्सचे. कंपनी आइची प्रांतातल्या आन्जोची, २०२१ पासून ती आयसिन कॉर्पोरेशनमध्येच विलीन झाली. या एकाच बॉक्सला प्रत्येक गाडीवाल्याने आपलं नाव दिलंय, ओपेल अन् साब त्याला एएफ४० म्हणतात, प्यूजो-सिट्रोएन एएम६, फोर्ड अन् लँड रोव्हर एडब्ल्यूएफ२१. म्हणून पार्ट शोधताना एका नावाने नाही सापडला तर दुसऱ्या नावाने शोधायचा, माझा एक सील असाच सापडला. ताकद किती झेलतो याचा अंदाज यायला एक उदाहरण पुरे, व्होल्वोच्या एक्ससी९० मध्ये २००५ च्या सुमारास यामाहाने बनवलेलं ४.४ लिटरचं व्ही८ इंजिन आडवं बसवलं होतं, ४४० न्यूटन मीटर टॉर्क (म्हणजे फिरवायची ताकद), त्याच्या मागं हाच बॉक्स. आपल्याकडे २०१५ मध्ये एक्सयूव्ही ५०० ऑटोमॅटिक आली त्यातही आयसिनचाच ६ स्पीड होता. पण नुसतं "आयसिन आहे" एवढ्यावर ऑइल घ्यायचं नाही, बॉक्सवर मॉडेल नंबरची प्लेट असते, चिखल पुसून ती वाचायची, मग पुढचं.

आडव्या इंजिनात मुख्य भानगड जागेची. दोन चाकांच्या मधल्या जागेत इंजिन, बॉक्स, डिफरन्शियल (दोन चाकांना ताकद वाटून देणारा भाग) सगळंच कोंबायचं, अन् इंजिन मोठं म्हणजे बॉक्सला उरलेली जागा आणखी कमी. जुन्या पद्धतीने सहा गिअर करायचे तर बॉक्स लांब होतो. यात लेपेलेटिये नावाच्या फ्रेंच इंजिनिअरची जुळणी वापरली आहे, एक साधा प्लॅनेटरी सेट अन् त्याच्या मागं एक रॅव्हिन्यो सेट (दोन प्लॅनेटरी एकात गुंफलेला), एवढ्यात सहा पुढचे अन् एक रिव्हर्स, अन् हे सगळं फक्त तीन क्लच अन् दोन ब्रेकवर (चाकाचे नाही, बॉक्सच्या आतले). प्लॅनेटरी म्हणजे काय ते डोळ्यासमोर आणायचं तर जुन्या खळ्यातली मळणी आठवा, मधात खुंटा अन् त्याच्या भोवती बैल फिरतात. इथं खुंटाही फिरतो, बैल स्वतःभोवतीही फिरतात अन् बाहेरून खळ्याची कडाही फिरते, या तिघातल्या कोणाला पकडून ठेवायचं अन् कोणाला सोडायचं त्यावर गिअर ठरतो. पहिला गिअर ४.१४८ चा, म्हणजे बॉक्समध्ये चार फेऱ्यांच्या वर आत गेल्या तेव्हा एक बाहेर, अन् सहावा ०.६८६, म्हणजे उलटं, आतल्यापेक्षा बाहेर जास्त. म्हणून अशा गाड्या हायवेला १०० वर गुमान चालतात, इंजिन बोलतही नाही.

इंजिन अन् बॉक्सच्या मधात टॉर्क कन्व्हर्टर. दोन कूलर समोरासमोर ठेवा, एकाचा पंखा चालू करा, दुसऱ्याचाही हळूहळू फिरायला लागतो. हवेच्या जागी ऑइल, बाकी तेच. म्हणून तर डी मध्ये ब्रेक दाबून उभं राहिलं तरी इंजिन बंद पडत नाही. पण हे ऑइल घुसळून घुसळून तापते, अन् तापलेलं ऑइल हाच आपला शत्रू.

अन् वॉल्व्ह बॉडी म्हणजे बॉक्सचं डोकं. तिफणीचं चाडं पाहिलंच असेल, वरून मुठीने बी सोडायचं अन् ते नळ्यांतून बरोबर आपापल्या तासात पडते. वॉल्व्ह बॉडी हेच करते, फक्त बियाण्याऐवजी दाबातलं ऑइल, अन् मूठ म्हणजे सोलेनॉइड (विजेवर उघडझाप करणारे छोटे वॉल्व्ह), ते कॉम्प्युटर सांगेल तेवढंच सोडतात. आता चाड्यात ओलं, चिकट बी टाकलं तर काय होईल? नळी तुंबते, एका तासात बी पडतं अन् एकात नाही. घाणेरड्या ऑइलने इथं तेच होते. क्लचला दाब उशिरा पोचतो, मग कॉम्प्युटर जास्त दाब मारतो, मग झटका. अन् ९० नंबर ऑइल कायले नाही चालत त्याचं उत्तरही इथंच, एक तर ते घट्ट, या बारीक नळ्यांतून वेळेवर जातच नाही, अन् दुसरं म्हणजे आतल्या क्लच प्लेटा ऑइलात बुडून काम करतात, त्यांना किती घसरायचं अन् कधी धरायचं हे ठरवणारे पदार्थ एटीएफमध्येच (ऑटोमॅटिकच्या खास ऑइलातच) असतात.

टीएफ-८०एससीचं सुरुवातीचं ऑइल जेडब्ल्यूएस ३३०९ या स्पेकचं (स्पेक म्हणजे ऑइलचा ठरवून दिलेला दर्जा), टोयोटाचं टाइप टी-४ त्याच पट्टीचं. पुढच्या काही गाड्यांना पातळ एडब्ल्यू-१ सांगितलं आहे. दोन्ही एकमेकांच्या जागी टाकायची नाहीत, मिसळायची नाहीत. गाडीच्या पुस्तकात जे लिहिलं तेच आणायचं, दुकानदाराच्या "सगळ्या ऑटोमॅटिकले चालते" ला हो हो म्हणायचं अन् दुसऱ्या दुकानात जायचं. डब्यावर स्पेक छापलेलं दिसलं पाहिजे, सील पाहून घ्यायचं.

किती आणायचं? बॉक्समध्ये एकूण सात लिटरच्या आसपास असते, पण खालचा प्लग काढला की निम्म्याच्या जवळपासच निघते, साधारण तीन ते साडेतीन लिटर, बाकीचं कन्व्हर्टर अन् ऑइल गार करणाऱ्या कूलरमध्ये अडकून राहते. म्हणून एकदा बदलून भागत नाही. माठात गढूळ पाणी आहे अन् माठ पूर्ण उपडा करता येत नाही असं समजा, निम्मं काढलं अन् निम्मं चांगलं टाकलं तर अर्धं नवं झालं, परत तेच केलं तर तीन चतुर्थांश, तिसऱ्यांदा केलं तर जवळपास ८७ टक्के नवं. तिथं थांबायचं, चौथ्याला काही मजा नाही. म्हणजे साडेदहा-अकरा लिटर लागते. मशीनने प्रेशर देऊन एका झटक्यात पूर्ण फ्लश करतात तेही आहे, पण जुन्या, कधीच न बदललेल्या बॉक्सला मी ते केलं नसतं, वर्षानुवर्षाचा गाळ एकदम सुटून त्याच बारीक नळ्यांत जाऊन बसायचा. हळूहळू, तीन वेळा, मधात थोडी गाडी चालवून, हे बरं.

अन् फिल्टर? कोणी म्हटलं की "चेंबर खोलून फिल्टर अन् पॅकिंग बदलून देतो" तर तो दुसऱ्या बॉक्सचं बोलून राहिला, किंवा तुम्हाला फसवून राहिला. या बॉक्सला खाली ऑइल पॅन नाहीच, फिल्टर आत केसिंगच्या दोन भागांच्या मधात आहे, बॉक्स उतरवून फाडल्याशिवाय दिसतही नाही.

सामान जास्त नाही. १७ चा पाना, टी४० अन् टी५५ चा स्टार बिट (टी५५ गावात मिळत नाही, यवतमाळला किंवा नागपूरला आधी घेऊन ठेवा, ऐन वेळी शोधाल तर फजिती), दोन नवे वॉशर, लांब पारदर्शक नळी अन् नरसाळं, माप टाकलेला डबा, गाडी टेकवायला चार मजबूत घोड्या (जॅक स्टँड). अन् ऑइलचं तापमान पाहायला काहीतरी. ओबीडीचा (गाडीच्या कॉम्प्युटरच्या सॉकेटला लावायचा) ब्लूटूथ डोंगल असेल अन् तुमच्या गाडीचं गिअर ऑइलचं टेम्परेचर दाखवणारं अॅप असेल तर उत्तम, फुकटची साधी अॅप बहुतेक वेळा फक्त इंजिनचंच दाखवतात, कूलंटचं टेम्परेचर पाहून गिअरबॉक्सचा अंदाज घ्यायचा नाही. ते नसेल तर दुरून मारून ताप मोजायची गन चालते, तीच जी कोरोनात प्रत्येक दुकानाच्या दारात होती, फक्त माणसाच्या कपाळाची नको, ती चाळीसच्या वर हात टेकते, इंडस्ट्रियलवाली घ्या अन् ड्रेन प्लगच्या बाजूच्या केसिंगवर धरा.

आता जागा. गाडी चारही बाजूंनी एकदम सपाट पाहिजे, इंजिन चालू ठेवून खाली हात घालता आला पाहिजे. अंगणात उतार असतोच, डोळ्याला कळत नाही. मी गावातल्या बांधकाम मिस्त्रीकडून त्याची पाण्याची पारदर्शक नळी आणली, ज्याने ते भिंतीची लेव्हल काढतात, अन् गाडी घोड्यांवर घेतल्यावर पुढच्या अन् मागच्या दाराच्या खालच्या पट्टीला लावून चारही कोपरे पाहिले. मागची बाजू बोटभर खाली होती, लाकडाची फळी टाकून उचलली. वॉशिंग सेंटरचा रॅम्प मिळत असेल तर त्याहून चांगलं, तो सपाटच असतो, फक्त मालकाशी आदल्या दिवशी बोलून ठेवा. नुसत्या जॅकवर गाडी उचलून खाली जायचं नाही, हे लिहायची गरज नसावी पण लिहितो, कारण मी लोकांना विटांवर गाडी ठेवून खाली घुसताना पाहिलंय. गाडी पी (पार्किंग) मध्ये, हँडब्रेक ओढलेला, चाकांना दगड.

अन् वेळ. इथं आपल्या भागाची गोष्ट वेगळी आहे, बाहेरच्या कोणत्याच माहितीत हे सापडणार नाही. या बॉक्सची लेव्हल, म्हणजे आत ऑइल बरोबर भरलंय का ते, ऑइल ५० ते ६० अंश असतानाच पाहायची असते, मधात दहा अंशाचीच खिडकी. थंड देशातल्या माणसाला ती खिडकी यायची वाट पाहावी लागते. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी पारा ४५ च्या वर, गाडी उन्हात उभी, खालची जमीन तापलेली, म्हणजे ऑइल सेल मारायच्या आधीच पंचेचाळीसला टेकलेलं. तुम्ही इंजिन चालू करून गिअर फिरवेपर्यंत अन् खाली जाऊन स्टार बिट शोधेपर्यंत खिडकी उघडून बंदही झालेली असते. पहिल्या वेळी माझं हेच झालं. लग्नाच्या धामधुमीत दुपारी एकला मोकळा वेळ मिळाला म्हणून केलं, गनवर ८० च्या वर दाखवत होतं, म्हटलं होऊ दे, काय फरक पडते. ऑइल तापलं की फुगते, फुगलेलं ऑइल जास्त बाहेर सांडलं, मी समाधानाने प्लग लावला, अन् रात्री गार झाल्यावर आत कमी उरलं. दुसऱ्या दिवशी वळणावर गाडी क्षणभर सुटल्यासारखी व्हायची, इंजिन ओरडायचं अन् चाकाला काही नाही. पंप हवा ओढत होता. चूक शंभर टक्के माझी. उलटंही तेवढंच वाईट, एकदम थंड असताना लेव्हल केली तर जास्त भरल्या जाते, मग तापल्यावर फेस होते अन् ब्रीदरमधून (बॉक्सच्या हवा सोडायच्या भोकातून) बाहेर येते. म्हणून पहाटे पाचला सुरू करा, गाडी रात्रभर सावलीत गार झालेली, ऑइल तीसच्या आसपास, तिथून पन्नासला यायला निवांत दहा-पंधरा मिनिटं मिळतात. हिवाळ्यात केलं तर आणखीच बरं, कपाशीच्या वेचणीतून वेळ मिळाला तर.

सर्वात आधी वरचा भरायचा प्लग उघडा, टी५५ वाला. हा बहुतेक गाड्यांत एअर फिल्टरच्या डब्याच्या खाली लपलेला असतो, डबा काढावा लागतो. आजूबाजूची माती आधी ब्रशने अन् फडक्याने साफ करा, आपल्याकडची काळी माती अन् कापसाचा भुगा आत गेला तर सगळ्या मेहनतीवर पाणी. वरचा आधी काऊन, तर खालचं सगळं ऑइल सोडून दिल्यावर कळलं की वरचा प्लग गंजून बसलाय, तर गाडी तिथंच उभी, भरणार कुठून? आमच्या ओळखीतल्या एकाची गाडी अशी चार दिवस उभी होती, कोंबड्या खाली अंडी घालायला लागल्या.

वरचा सैल झाला की खाली जा. इथं लोक चुकतात. ड्रेन प्लगच्या मधात आणखी एक छोटा प्लग आहे, टी४० चा. छोटा काढला तर सगळं ऑइल येत नाही, कारण मोठ्या प्लगला आतून एक उभी नळी आहे अन् त्या नळीच्या तोंडाच्या वर जेवढं आहे तेवढंच सांडते. शेततळ्याचा सांडवा असतो ना, तसा. तळं सांडव्याच्या वर गेलं की पाणी वाहते, खाली गेलं की थांबते. लेव्हल पाहायची तर छोटा, रिकामं करायचं तर मोठा, १७ वाला. मोठा काढताना डबा तयार ठेवा, ऑइल थेंब थेंब नाही येत, एकदम धार सुटते अन् पहिल्यांदा कोपरापर्यंत आंघोळ ठरलेली.

माझं निघालं ते गूळ टाकून उकळलेल्या कोऱ्या चहासारखं, काळपट, अन् वास जळका. नवं ऑइल लाल असते. आमचे बाबा बाजूला खाटेवर बसून पाहत होते, म्हणे, "हे तं रगतावानी लाल हाये, अन् यातून निघालं ते सांडपाण्यावानी, एवढे दिवस गाडी कशी चालली बापा?" त्यांनी एका वाक्यात सगळं सांगितलं. एक थेंब पांढऱ्या कागदावर टाकून पाहा, तपकिरी असेल तर वय झालं, काळं अन् मधात बारीक काळी भुकटी दिसली तर क्लचच्या प्लेटा झिजून राहिल्या, अन् चमकणारे धातूचे कण बोटाला टोचण्याएवढे असतील तर ऑइल बदलून काही होणार नाही, मग चांगला माणूस शोधून बॉक्स उघडावाच लागतो, माझे पैसे वाचले म्हणून तुमचे वाचतीलच असं नाही.

निघालेलं मोजा, अंदाजाने नाही, मापाने. माझं ३ लिटर ३०० मिली होतं. नवा वॉशर लावून मोठा प्लग बंद करा, छोटाही हलकाच लावून ठेवा. वरून नळी अन् नरसाळ्याने जेवढं निघालं तेवढंच टाका अन् वर अर्धा लिटर जास्त, ते नंतर सांडव्यातून निघून जाते. हळू ओता, नळी बारीक आहे, घाई केली की नरसाळ्यातून उलटं येते.

मग इंजिन चालू, पाय ब्रेकवर घट्ट, अन् पी, आर (रिव्हर्स), एन (न्यूट्रल), डी, प्रत्येकावर तीन-तीन सेकंद थांबून दोन-तीन फेऱ्या, म्हणजे ऑइल सगळीकडे फिरते अन् कन्व्हर्टर भरते. परत पी मध्ये आणा. इंजिन बंद करायचं नाही, लेव्हल चालू इंजिनवरच पाहायची असते, बंद केलं की कन्व्हर्टरमधलं ऑइल खाली येऊन खोटी लेव्हल दाखवते. आता वाट पाहा. पोराला गन देऊन बसवा, ५० झालं की आवाज द्यायला सांगा. ५० झालं की टी४० वाला छोटा प्लग काढा, पहिले बोटाएवढी धार येईल, मग पातळ होईल, मग तुटक तुटक, अन् थेंबावर आली की लगेच लावून टाका. धार आलीच नाही तर इंजिन चालू ठेवूनच वरून थोडं थोडं टाका, खालून सुरू होईपर्यंत. ६० च्या वर गेलं अन् तुमचं झालं नसेल तर प्लग लावा, इंजिन बंद करा, चहा घ्या, गार होऊ द्या, परत करा. जबरदस्तीने उरकलं की माझ्यासारखं होते. छोटा प्लग लावताना ताकद दाखवायची नाही, अल्युमिनियमच्या शेजारी आहे तो, अन् चूडी गेली की सगळा मोठा प्लगच बदलावा लागतो.

मग गाडी काढा, वीस-पंचवीस किलोमीटर सगळे गिअर लागतील अशी चालवा, दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी पहाटे परत तेच, अन् मग तिसऱ्यांदा. अचूक लेव्हल तिसऱ्या वेळी लागते, पहिल्या दोनदा जेवढं निघालं तेवढं मापाने टाकलं तरी चालते, हा माझा आळशीपणा आहे पण काम होते.

तिसऱ्यांदा झाल्यावर लगेच मखमलीसारखी चालेल असं समजू नका. कॉम्प्युटर जुन्या घाण ऑइलशी जुळवून घ्यायला शिकलेला असतो, कुठं किती दाब मारायचा ते त्याने मनात धरून ठेवलंय, नवं ऑइल आलं की त्याला परत शिकावं लागते. स्कॅनरवाला जवळ असेल तर जुनी शिकवण पुसून घेता येते. मी नुसतं चालवून शिकवलं, दारव्हा ते यवतमाळ चाळीसेक किलोमीटर, पायाला मऊ ठेवून, कुठं सुटा रस्ता, कुठं गावातून थांबत थांबत, चार-पाच फेऱ्या झाल्या. (आमची यवतमाळ-मूर्तिजापूरची बंद पडलेली शकुंतला रेल्वे चालू असती तर मी ही गाडी घेतलीच नसती, पण तो वेगळा विषय.) पहिल्या फेरीत दोन झटके होते, तिसऱ्या फेरीत एक, पाचव्या वेळी लाडखेडच्या अलीकडं मला आठवावं लागलं की गाडी ऑटोमॅटिक आहे. सकाळचा धप्प मात्र पूर्ण जायला महिना लागला.

चालवण्याचं थोडंसं, कारण ऑइल टिकवायचं असेल तर हेही लागते. काळ्या मातीत पावसाळ्यात चाक रुतलं तर डी-आर-डी-आर करून रेस देत बसू नका, पाच मिनिटांत कन्व्हर्टर असं तापते की महिनाभराचं आयुष्य जाते, उतरा, चाकाखाली तुराट्या नाहीतर पऱ्हाट्या टाका, माणसं बोलवा. गाडी मागे जात असताना डी टाकायचा नाही, पूर्ण थांबू द्या. चढावर उभी करताना आधी हँडब्रेक, मग पी, नाहीतर सगळं वजन पी च्या छोट्या अडकवणीवर येते. रेल्वे फाटकावर मालगाडी येत असेल तर उन्हात डी मध्ये ब्रेक दाबून दहा मिनिटं बसू नका, पी टाका.

अन् बंद पडली तर? पहिली गोष्ट, या गाडीला धक्का देऊन चालू होत नाही, चार पोरं घामाघूम करू नका, बॅटरीला जोड द्या. दुसरी, ट्रॅक्टरला दोर बांधून ओढून आणायची नाही. आमच्याकडे प्रत्येकाचा हाच पहिला विचार असतो अन् एरवी बरोबरच आहे, पण ऑटोमॅटिकचा ऑइल पंप इंजिनवर चालतो, इंजिन बंद म्हणजे आत ऑइल फिरत नाही, अन् पुढची चाकं जमिनीवर फिरत राहिली की आतले गिअर कोरडे घासतात. पुढची दोन्ही चाकं उचललेली पाहिजेत, अन् चारही चाकांना ताकद जाणारी असेल तर पूर्ण गाडी वर टाकूनच न्यायची.

जुनं ऑइल नाल्यात किंवा बांधावर ओतू नका. बाबांनी मागितलं, गोठ्याच्या खांबांना उधईसाठी लावतो म्हणून, जनावरं तेच खांब चाटतात म्हणून मी नाही दिलं. नव्या ऑइलच्याच रिकाम्या डब्यात भरून ठेवलं अन् जळकं ऑइल घेणाऱ्याला देऊन टाकलं.

गाडीच्या पुस्तकात कुठं "लाइफटाइम" असं लिहिलं असेल तरी मी आपल्याकडच्या उन्हात दर ५०,००० किलोमीटरला बदलतो, आता तीनदा नाही करावं लागत, एकदा काढून एकदा भरलं तरी पुरते. ड्रायव्हरच्या दाराच्या आतल्या पट्टीवर पांढरी चिकटपट्टी लावून मार्करने किलोमीटर अन् ऑइलचं स्पेक लिहून ठेवलंय, गाडी विकली तर पुढच्यालाही कळेल.